आम्ही ती जागा वाकडी केली

सपाट जागा दिसली की माणसाला तिथे गाडी उभी करावीशी वाटते. आम्ही ती जागा वाकडी केली ती एवढ्याचसाठी. पुढे लोक तिला स्केटपार्क म्हणू लागले, बाहेरगावची पोरं रंगीत हेल्मेटं घालून यायला लागली, आणि 'ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?' असंही कुणी कुणी विचारून गेलं. कल्पना वगैरे काही नव्हती. मला फळीवर उभं राहायचं होतं आणि भिंतीपलीकडच्या लोकांना तिथे गाड्या लावायच्या होत्या. त्यांच्याकडे समिती होती, शिक्का होता, नाव छापलेला कागद होता. आमच्याकडे भिलादादा होता. त्याच्याबद्दल मला लिहायचंय, आणि त्याला मी एका संध्याकाळी चारचौघांत काय बोलले, तेही लिहायचंय. ते वगळून बाकीचं सांगितलं तर ती बढाई होईल.

आम्ही सिल्वासात टोकरखाड्याला राहायचो. पण टोकरखाडा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरकारी नोकरांच्या आणि मास्तर लोकांच्या कॉलन्या येतात, म्हणून मी लगेच पुढे सांगायची, "कॉलनीत नाही, मागच्या खोल्यांत." बारा खोल्यांची एक रांग, समोर शहाबादी फरशीचा लांब ओटा, टोकाला नळ. खोल्यांतली सगळी माणसं खानदेशातली, कुणी शिरपूरकडचं, कुणी साक्रीकडचं, आणि पुरुष सगळे कारखान्यांत नाहीतर बांधकामावर. माझे वडील, आण्णा, मसाटला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होते. बारा तासांची पाळी. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर बारीक पांढरा धागा चिकटलेला असायचा आणि माय ओल्या पदराने तो पुसून काढायची. मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते सगळं ओरडूनच बोलत. 'मीठ दे' हेसुद्धा भांडल्यासारखं. नवीन शेजारी आला की पहिले आठ दिवस त्याला वाटायचं, ह्या घरात रोज मारामारी होते. मग कळायचं की त्या घरात फक्त जेवणं चाललीत.

आमच्या बाजूचे आवाज वेगळे, भिंतीपलीकडचे वेगळे. आमच्याकडे पहाटे भाकरी थापल्याचे, पाट्यावर ठेचा रगडल्याचे, नळावरच्या बादल्यांचे. पलीकडे कॉलनीत कुकरच्या शिट्या आणि गाडी मागे घेताना वाजणाऱ्या त्या सुरावटी. सकाळी साडेनऊला एकेक साहेब गाडी मागे घ्यायचा आणि अख्ख्या कॉलनीत वेगवेगळी गाणी वाजायची. रविवारी माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायची, वांगी चुलीत भाजून बडग्याने कुटलेलं भरीत, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. चूल ओट्याच्या कडेला बाहेरच मांडलेली, त्यामुळे त्या वांग्यांचा वास भिंत ओलांडून पलीकडे जायचा. माझी कॉलेजमधली मैत्रीण शर्वरी भिंतीपलीकडे राहायची, तिची आई शाळेत शिकवायची, मूळचं घर कोकणातलं. ती म्हणायची, "तुमच्याकडे भरीत झालं की आमच्याकडे आई उगाच चिडते. तिच्या माशाच्या आमटीला वासच येत नाही म्हणते."

आता एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आण्णांच्या बाजूनेही पहिली आणि मायच्या बाजूनेही. हे मी नम्रपणे सांगत नाही. नम्रपणे सांगण्यासारखी ती गोष्टच नाही. ज्या दिवसांबद्दल लिहितेय तेव्हा मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि खोल्यांमध्ये कुणाचंही पत्र, औषधाची चिठ्ठी, मोबाइलवर आलेला मेसेज वाचायचा झाला तर मला हाक यायची. "ज्योती, जरा बघ ना काय लिहिलंय." मी वाचून दाखवायची. आणि वाचता वाचता माझी मान थोडी थोडी वर होत गेली होती. तेव्हा मला ते दिसलं नाही.

खोल्या आणि कॉलनीच्या भिंतीच्या मधोमध एक जागा पडून होती. सरकारी. कोणे एके काळी तिथे समाजमंदिर होणार होतं, त्याचं जोतं तेवढं बांधून झालं आणि काम थांबलं ते थांबलंच. मोठं, चौकोनी, सिमेंटचं जोतं. त्यावर बाभळी वाढल्या, कारखान्यांतून फेकलेल्या टाकाऊ धाग्याचे गुंते येऊन पडले, आणि संध्याकाळी बाहेरून दारू प्यायला येणारी मंडळी बाटल्या तिथेच फोडून जात. कॉलनीवाले म्हणायचे, खोल्यांतली माणसं घाण करतात. खोल्यांतली माणसं म्हणायची, कॉलनीचा कचरा भिंतीवरून येतो. दोघंही थोडं थोडं खरं बोलत होते, आणि जागा कुणीच साफ करत नव्हतं.

शर्वरीच्या मामाने तिला पुण्याहून एक स्केटबोर्ड आणून दिला. तिने तो आमच्या ओट्यावर आणला, चालवायला गेली आणि फरशीच्या पहिल्याच सांध्याला अडकून पालथी पडली. मी हसले. मग मी चढले आणि तशीच पडले. ती हसली. आमची मैत्री पक्की झाली ती त्या दिवशी. खोल्यांतल्या सगळ्यांनी त्या वस्तूला 'फळी' म्हणायला सुरुवात केली आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. फळीची चाकं लहान आणि कडक. सुपारीएवढा खडा आला तरी फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. सिल्वासातले रस्ते तर ट्रकांनी खाल्लेले. गुळगुळीत आणि मोकळं असं आजूबाजूला एकच ठिकाण होतं, ते जोतं. आम्ही दोघींनी दोन रविवार लावून ते झाडलं. बाभळी माझ्याच कोयत्याने तोडल्या. तिसऱ्या रविवारी खोल्यांतल्या सात-आठ मुली आणि कॉलनीतल्या तीन, भिंतीच्या खिंडारातून येऊन, एका फळीसाठी रांगेत उभ्या होत्या.

आणि जागा स्वच्छ झालेली दिसताच कॉलनीच्या समितीचे सावंतकाका आले. निवृत्त अधिकारी, मुंबईहून बदलीवर आलेले आणि इथेच राहिलेले, पांढरा झब्बा, फार गोड बोलायचे. जोत्यावर इकडून तिकडे पावलं मोजत चालले आणि म्हणाले, "छान केलंत गं पोरींनो. अगदी चकाचक. बारा गाड्या आरामात बसतील."

"काका, आम्ही इथे खेळतो," शर्वरी म्हणाली.

"हो हो, खेळा ना. गाड्या ऑफिसला गेल्या की दिवसभर खेळा. कोण नाही म्हणतंय?" मग माझ्याकडे वळून, "तू मागच्या खोल्यांतली ना? तुमच्याकडे गाड्या नाहीत, त्यामुळे तुम्हाला अडचण कळायची नाही, बाळा."

त्या 'बाळा'ने मला जे केलं ते चार शिव्यांनी केलं नसतं. मी त्याच संध्याकाळी शर्वरीला म्हटलं, की हे असं सपाट राहिलं तर उद्या गाड्या येणार. इथे उतार पाहिजेत. वळणं पाहिजेत. गाडी उभीच राहता कामा नये असं काहीतरी पाहिजे. शर्वरीने मोबाइलवर परदेशातल्या जागांची चित्रं काढली. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे कोपराच नसलेल्या जागा, वाडग्याच्या आतल्या बाजूसारख्या. मी म्हटलं, हेच. शिवाय त्यावर चढता येतं.

भिलादादा आमच्या रांगेत शेवटच्या खोलीत एकटा राहायचा. गवंडी. बायको-मुलं शिरपूरकडे, हा सामरवरणीला नवीन इमारतींवर प्लास्टर करायचा. पन्नाशीचा, काटक, बोलणं कमी. त्याला चित्र दाखवलं तर त्याने मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "व्हई जाई." होऊन जाईल. बस, एवढंच. साइटवर फुटलेल्या गोण्यांमधलं सिमेंट मालकाला विचारून त्याने आणलं. उताराच्या पोटात भरायला विटांचे तुकडे आणि त्या जागेवरच्या सगळ्या दारूच्या बाटल्या. मला ते फार आवडलं होतं. ज्यांनी ती जागा नासवली त्यांच्याच बाटल्यांवर उभं राहून आम्ही खाली येणार होतो. प्लायवूडचा एक तुकडा त्याने चित्रातल्या गोलाईत कापला आणि तो फिरवत फिरवत आकार धरला. रविवारी आणि अर्ध्या सुट्टीच्या दिवशी काम. आम्ही मुली गारा कालवायचो, घमेली उचलायचो.

हे आण्णांना मान्य नव्हतं. पाळीवरून येताना त्यांनी मला डोक्यावर घमेलं घेतलेलं पाहिलं आणि सायकल तिथेच आडवी टाकून ओरडले, "तुले शिकाडं ते गारा कालवाले का?" मी म्हटलं, माझी जागा आहे, मी कालवणार. ते म्हणाले, तुझी जागा कॉलेजात आहे. मी म्हटलं, तिकडेही जातेच आहे ना. मायने मध्ये पडून मला पाण्याला पाठवलं. त्यानंतर पंधरा-वीस दिवस आण्णा जोत्याकडे पाठ करून नळावर अंघोळ करायचे. आता स्वतःची मुलगी वाद घालते तेव्हा मला त्या पाठीची आठवण येते, आणि मी गप्प बसायचा प्रयत्न करते. जमत नाही, तो भाग वेगळा.

काम संपत आलं त्या शनिवारी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. शेवटचा हात भिलादादा दुपारी मारणार होता. सकाळी निघताना सावंतकाका भिंतीशी भेटले. "तुम्हाला सांगायलाच हवं म्हणून सांगतो हं, आम्ही अर्ज दिलाय. गुरुवारी सरकारी कचेरीतले साहेब जागा बघायला येतायत. जागा वापरात असेल तर ठीक, नसेल तर पार्किंगला मिळेल." मी म्हटलं, "गुरुवारी या काका, आम्ही वापरूनच दाखवतो." दिवसभर माझ्या डोक्यात तेच. टायट्रेशन करताना बोटं एकदाही चुकली नाहीत, इतकी मी जोशात होते.

पाचला परत आले तर मुली जोत्याच्या कडेला उभ्या. शर्वरीने नुसता हात केला. उतार तयार होता. सुंदर गोलाई, वरच्या कडेला, चित्रातल्यासारखा, जुन्या हातपंपाचा लोखंडी पाइप बसवलेला. आणि त्या गोलाईवर, वरपासून खालपर्यंत, चार-चार बोटांवर आडव्या खाचा. सुतळी दाबून काढलेल्या, एकसारख्या, सरळ. कुठल्याही इमारतीच्या पार्किंगमध्ये स्कूटर चढवायच्या उतारावर असतात तशा. त्यावर फळीचं चाक घातलं तर पहिल्याच खाचेत अडकणार आणि माणूस डोक्यावर पडणार.

भिंतीपलीकडून सावंतकाका बघत होते. कुत्सितपणे नाही, खरोखर खूश होऊन म्हणाले, "अरे वा! आता स्कूटर मस्त चढेल."

भिलादादा थापी धूत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "दादा, हे काय करून ठेवलं? चित्र दाखवलं होतं ना तुम्हाला? वाचता येत नाही म्हणून तर चित्र दाखवलं होतं! तेवढंसुद्धा कळलं नाही?" अख्खी रांग ऐकत होती. नळावरच्या बायकांच्या बादल्या भरून वाहत होत्या आणि कुणी नळ बंद करत नव्हतं. भिलादादाने माझ्याकडे पाहिलं नाही. थापी धुतली, उलटसुलट करून पुसली, घमेल्यात ठेवली, घमेलं उचललं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

घरी मायने ताट वाढलं आणि स्वतः समोर बसली. "मीच सांगं व्हतं त्याले," ती म्हणाली. आदल्या आठवड्यात माझं कोपर सोलवटलं होतं, तिने हळद लावली होती. आज दुपारी ती भिलाला पाणी द्यायला गेली आणि तो गुळगुळीत उतार पाहिला. म्हणाली, "भिलाभाऊ, पोरी घसरी पडतीन रे. काहीतरी कर." आणि भिलाभाऊने, आयुष्यभर प्रत्येक उतारावर जे केलं, ते केलं. लोक घसरू नयेत म्हणून. तिने सांगितलं नसतं तरी त्याने कदाचित तेच केलं असतं. खाचा नसलेला उतार त्याच्या हिशेबी अर्धवट काम.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोवर आण्णा जेवत होते, मान खाली. त्यांनी घास खाली ठेवला आणि इतक्या हळू आवाजात बोलले की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. माझ्या आयुष्यात त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मालेबी वाचता येत नही."

एवढंच. परत घास उचलला. मी पुढे एम.एस्सी. केलं, आज मसाटलाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे, माझ्या सहीशिवाय तिथून माल हलत नाही. पण मला कुणी विचारलं की तुम्ही शिकलात कुठे, तर त्या ताटासमोरची ती पाच मिनिटं मी त्यात धरते.

रविवारी सकाळी मी भिलादादाच्या दारात गेले. स्टोव्हवर खिचडी शिजत होती. "दादा, चुकलं माझं," मी म्हटलं. पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले त्याने.

"तुन्हं काय चुकनं? चित्र तू दखाडं, मी पाह्यनं." खिचडी ढवळत राहिला. "पण चित्रामा चाक फिरत नही ना. फळी आन."

मी शर्वरीकडून फळी आणली, तीही मागोमाग आली. तो म्हणाला, चालवून दाखव. मी ओट्यावर चालवली. चाक फरशीच्या प्रत्येक सांध्यावर टक, टक करत गेलं आणि एका रुंद सांध्यात अडकलं, मी उडी मारून उतरले. तो उकिडवा बसून चाकाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग उठला आणि चप्पल काढून स्वतःच फळीवर चढला. एक हात माझ्या खांद्यावर, एक हात शर्वरीच्या. रांगेतली सगळी माणसं दारात आली. साक्रीची सखूमावशी ओरडली, "भिला, सांभाळ रे, शिरपूरले काय कळवू?" तो हसला नाही. दोन सांधे ओलांडले, तिसऱ्याला फळी थांबली आणि तो आमच्या अंगावर आला. उभा राहिला आणि म्हणाला, "आते समजनं. तुम्हाले घसरानंच शे! हाई कोनी सांगं व्हतं माले?"

कुणीच सांगितलं नव्हतं. खरंच नव्हतं. आम्ही त्याला आकार दाखवला, उंची दाखवली, पण आम्हाला घसरायचं आहे ही एक गोष्ट आम्हाला इतकी उघड वाटत होती की ती सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पंधरा-वीस रविवार तो राबला आणि एकदाही आम्ही त्याच्यासमोर फळी चालवली नाही, कारण तो असेल तेव्हा आम्ही घमेली उचलत असू.

म्हणजे हा टाकीचा वाटा झाला, असं तो म्हणाला. पाण्याच्या टाकीत भिंत आणि तळ मिळतात त्या कोपऱ्यात गवंडी गोलाई भरतात, पाणी मुरू नये म्हणून ती काचेसारखी घोटतात. तिला वाटा म्हणतात. त्याने शेकड्याने टाक्या केल्या होत्या. टाकी पाहिजे असं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी दिली असती, असंही म्हणाला. खिचडी उतरवून ठेवली आणि तशीच टाकून आमच्याबरोबर आला.

खाचा नुसत्या बुजवता येत नाहीत, नवा थर सुटून येतो. आधी सगळा पृष्ठभाग छिन्नीने टोचून खडबडीत करायचा, मग त्यावर सिमेंटचं पाणी, मग नवा थर. मुली, बायका, मोकळ्या पाळीचे पुरुष, सगळे छिन्नी-हातोडी घेऊन बसले. शर्वरीच्या हाताला फोड आले, तिची आई खिंडारातून आली ती मुलीला ओढून न्यायला, आणि कोपऱ्यातली एक हातोडी रिकामी दिसली तर साडी खोचून बसली. दुपारी तीनला भिलादादाने थर द्यायला घेतला. लोखंडी थापीने इतका घोटला की त्यात आभाळ दिसायला लागलं. संध्याकाळी ओली गोणपाटं पांघरली आणि सगळ्यांना दम दिला. सात दिवस पाणी. दिवसातून चार वेळा. सात दिवसांच्या आत कुणी पाय ठेवला तर थर तडकणार, आणि मग देव आला तरी दुरुस्त होणार नाही.

शर्वरीने बोटांवर मोजलं. रविवार ते गुरुवार. "ज्योती, चौथाच दिवस येतो."

गुरुवारी अकराला साहेब आले. गुजराती गृहस्थ, हातात फाइल, बरोबर एक शिपाई. सावंतकाका इस्त्रीच्या झब्ब्यात. जोत्यावर ओली गोणपाटं आणि भोवती आम्ही. आण्णा रात्रपाळी करून आले होते, झोपले नव्हते, ओट्याच्या कडेला उभे होते. भिलादादाने कामावर खाडा केला होता.

"आ शुं छे, बेन?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फाइल उघडली. "अच्छा, तो चलाके दिखाओ. उपयोग हो रहा है तो मैं वैसा लिख देता हूँ. सिंपल."

"दाखव ना, ज्योती," सावंतकाका म्हणाले. "वापरूनच दाखवते म्हणाली होतीस."

शर्वरीने माझ्या कानाशी तोंड आणलं. "एकदाच. फक्त एकदा खाली ये. जागा तर राहील. थर परत करू."

फळी माझ्या हातात होती. गोणपाट बाजूला करायचं, वर चढायचं, खाली यायचं. तीन सेकंद. मी भिलादादाकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली. "चालाड, बेटा," तो म्हणाला. "तडकनं ते तडकनं. मी परत करसू."

त्याने ते म्हटलं नसतं तर मी कदाचित चालवली असती. पण तो माणूस आपलं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम माझ्यासाठी मोडायला तयार होता, पाच दिवसांपूर्वी मी त्याला जे बोलले त्यानंतरही. मी फळी खाली ठेवली, उलटी, चाकं वर.

"नाही चालवणार," मी साहेबांना म्हटलं. "प्लास्टर ओलं आहे. अजून तीन दिवस पाणी द्यायचंय. रविवारनंतर या, दिवसभर चालवून दाखवते."

"हमारा टाइम आज का है, बेन. नहीं चलाओगी तो मैं लिखूँगा, उपयोग नहीं है."

"लिहा. पण ह्यावर आज पाय पडणार नाही. माझा नाही, तुमचा नाही आणि ह्यांच्या स्कूटरचाही नाही."

"बघा साहेब, ही भाषा," सावंतकाका म्हणाले. शिपाई गोणपाटाचं टोक उचलून खाली बघायला वाकला. आणि मागून आण्णांचा तो आवाज आला, ज्याने आमचे शेजारी घाबरायचे.

"ए! हात मत लगाना!"

शिपायाने टोक सोडलं. आण्णा पुढे आले. पापण्यांवर अजून धागा होता. साहेबांसमोर उभे राहून, आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे कॉलनीच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल असे, बोलले, "साब, मैं मशीन पर काम करता. मशीन खुला है, अंदर मिस्त्री का हाथ है, और साब आके बोला चालू करके दिखाओ, तो मैं चालू करेगा क्या? आप बोलो. करेगा क्या?"

साहेब एक पाऊल मागे सरले. "अरे काका, धीरे बोलो ना."

"येच धीरे है!"

बायका हसल्या. सखूमावशीने हसू दाबायला तोंडावर पदर घेतला आणि तो दाबला गेला नाही. साहेबही हसले, मग चेहरा सरळ केला, फाइल शिपायाच्या पाठीवर टेकवली आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे फिरवला. खोल्यांतल्या सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी तो मोठ्याने वाचला नाही. मी भिलादादाशेजारी जाऊन उभी राहिले आणि बोट ठेवून त्याला एकेक शब्द सांगितला. जागेचा वापर, ह्या रकान्यात त्यांनी एवढंच लिहिलं होतं: काम चालू आहे.

"पण साहेब," सावंतकाका म्हणाले, "हे असं किती दिवस चालणार?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "जब तक काम चालू है, मैं क्या कर सकता हूँ? काम पूरा हो जाए तो खबर कर देना. हम फिर से देखने आएँगे."

रविवारी संध्याकाळी आम्ही गोणपाटं काढली. त्या पावसाळ्यानंतर समोरच्या कडेला दुसरा उतार केला, मग मधला उंचवटा, मग एक चुकलेलं वळण तोडून परत केलं. भिलादादाच्या हाताखाली दोन मुली घोटाई शिकल्या. सावंतकाकांची नात हेल्मेट घालून येते आणि आजोबा तिचं दप्तर धरून भिंतीशी उभे राहतात. मला बघून अजूनही 'बाळा' म्हणतात, आणि आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत म्हणून मी ते चालवून घेते. कुठला ना कुठला कोपरा दरवर्षी उखडतो, आम्ही तो टोचतो, भरतो, पाणी देतो.

काम पूर्ण झालं की कळवा, असं साहेब म्हणाले होते. आम्ही अजून कळवलेलं नाही.